खाडीपुलांवर सायकलींना जागा हवी

कोकण किनाऱ्यालगतच्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल बांधले जाणार असल्याची बातमी वाचली. पूल व्हायलाच हवेत, रात्री-अपरात्री रुग्णाला पलीकडे नेणाऱ्यांना त्यांची किंमत ठाऊक आहे. मात्र आज सायकलस्वार बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडतात आणि पुढे पुन्हा तुरळक वर्दळीच्या रस्त्याला लागतात. केळशी-आंजर्ले पट्ट्यात तर एका वळणावर समुद्र, दुसऱ्यावर जांभ्याचे गडगे! पुलांमुळे फेरी बंद पडली, तर भरधाव गाड्यांना खेटून खाडी ओलांडण्यावाचून पर्याय उरणार नाही. खाडीवरचा आडवा वारा सायकल सहज रस्त्याच्या मध्यावर ढकलतो. म्हणून प्रत्येक पुलावर कठडा घातलेली स्वतंत्र सायकल मार्गिका आराखड्यातच धरावी. पूल उभा राहिल्यावर ती जोडणे फार खर्चिक ठरते. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलांनाही ती लागणारच आहे.

- एक सायकलस्वार, दापोली