तिबेटी खेड्याचा सातबारा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तिबेटी खेड्यांवर आलेला लेख वाचला. गोंपा म्हणजे बौद्ध मठ, प्रार्थनाचक्रे आणि पाच रंगांच्या पताका यांची वर्णने सुरेख होती. परंतु खेडे ज्यांच्यावर उभे असते ती जमीन, जनावरे आणि वाटण्या त्यात जवळजवळ नव्हत्याच, आणि सख्ख्या भावांनी मिळून एकच बायको करण्याच्या चालीला लेखकाने ‘विचित्र प्रथा’ म्हणून दोन ओळींत निकालात काढले. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत तीसएक वर्षे तलाठ्याचे दप्तर सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या दोन ओळी खटकल्या, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या चालीचे मूळ जमिनीत आहे. १९५९ पूर्वीच्या मध्य तिबेटात ‘ट्रेलपा’ म्हटल्या जाणाऱ्या घराण्यांकडे वंशपरंपरेने जमीन असे आणि तिच्या बदल्यात धान्याचा सारा, शिवाय सरकारी वाहतुकीसाठी माणसे व जनावरे पुरवण्याची ‘उला’ नावाची वेठ त्यांच्यावर असे. हा बोजा घरावर असल्यामुळे भाऊ वेगळे झाले तर जमिनीचे तुकडे पडत आणि वेठीला माणूस उरत नसे. त्यातून साडेतीन हजार मीटरांच्या वरची ती जमीन, वर्षाकाठी जवाचे एकच पीक देणारी. तेव्हा एका पिढीत घरात एकच लग्न लावायचे आणि एका भावाने शेत, दुसऱ्याने कुरणावरची जनावरे, तिसऱ्याने व्यापाराची फेरी सांभाळायची, अशी ती रचना होती. न पटलेला धाकटा भाऊ घर सोडून जाई, पण सहसा जमिनीचा हिस्सा मागून नव्हे.

आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, आणि तरीही तुकडे कसे पडतात हे मी रोज पाहत होतो. चार एकरांचे चार भावांत एकेक एकर झाले, त्यांतल्या एकाच्या तीन मुलांत तेरा-तेरा गुंठे झाले, विहिरीचे पाणी आठवड्यातून एका रात्रीवर आले आणि बांधावरच्या आंब्याच्या फांद्यांपर्यंत हिस्से पोहोचले. उसाच्या सऱ्या मोजून वाटून घेणारे सख्खे भाऊ मी पाहिले आहेत. अशा बांधावर उभे राहिल्यावर तिबेटी शेतकऱ्याचा हिशोब विचित्र वाटत नाही. अर्थात मी त्या चालीची भलामण करत नाही. एका घरात एकच सून आली की गावातल्या कितीतरी मुली बिनलग्नाच्या राहतात. काही भिक्षुणी होत, पुष्कळशा माहेरीच राबत, आणि त्यांचा हिस्सा कोणत्याच हिशोबात नसे.

लेखात ही चाल ‘आता नामशेष’ झाल्याचे म्हटले आहे, तेही बरोबर नाही. साठच्या दशकाच्या मध्यापासून चिनी राजवटीने जमिनी सामुदायिक केल्या तेव्हा ती मागे पडली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला समूहशेती मोडून माणशी हिशोबाने जमीन घरांना मिळाली, पण पुढे खाणारी तोंडे वाढली तरी जमीन वाढली नाही. मानववंशशास्त्रज्ञ मेल्विन गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिबेटातल्याच त्सांग भागातील खेड्यांचा अभ्यास केला, तेव्हा हीच चाल तेथे पुन्हा मूळ धरताना दिसली. फरक इतकाच, की आता तिसरा भाऊ व्यापाराच्या फेरीऐवजी बांधकामावर मजुरीला जातो.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात दोनदा ‘याकचे दूध’ आले आहे. तिबेटी भाषेत याक हा नर. मादीला ‘ड्री’ म्हणतात. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरासमोर कोणी रेड्याच्या दुधाचे गुण गाऊ नयेत, एवढेच म्हणतो.

कुरणावर राहणाऱ्या ‘द्रोक्पा’ पशुपालकांचा उल्लेखही ओझरताच आहे, खरे तर सर्वांत मोठा बदल त्यांच्या वाट्याला आला. मे-जूनमध्ये डोंगरउतारावर ‘यार्त्सा गुंबू’ नावाची, अळीच्या शरीरातून उगवणारी बुरशी वेचून ती चिनी औषधांसाठी चढ्या भावाने विकायची, हे आता अनेक घरांचे मुख्य रोख उत्पन्न आहे. तिच्यामुळे घोड्यांच्या जागी मोटारसायकली आल्या आणि कुरणांच्या हद्दींवरून तंटेही वाढले. दुसरीकडे चीनच्या चिंगहाय प्रांतात कुरणांच्या संरक्षणाच्या नावाखाली हजारो कुटुंबांना रस्त्याकडेच्या वसाहतींत हलवण्यात आले. जनावरे विकून तेथे गेलेल्यांना लोणी विकत घ्यावे लागते, आणि चुलीसाठी वाळलेले शेणसुद्धा. होळीला स्मशानभूमीसाठी शेणी दान करणाऱ्या आपल्या गावाला यातली नामुष्की वेगळी सांगायला नको.

हे सारे समजून घ्यायला ल्हासाला जाण्याची गरज नाही. कर्नाटकातील मुंडगोडची तिबेटी वसाहत १९६६ पासून आहे आणि हुबळीहून ती तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. थंडीत आपल्याकडे स्वेटर विकायला बसणारे तिबेटी लोक मुळात अशाच वसाहतींतले शेतकरी. गेल्या डिसेंबरात एका वयस्क विक्रेत्या बाईंशी बोलणे झाले. मुंडगोडला त्या मका आणि भात करतात. दोन मुले परदेशात, परत येण्याची चिन्हे नाहीत. शेत कसायला माणूस मिळत नाही. स्वेटरची घडी घालता घालता त्यांनी माझ्या शेताची चौकशी केली. वाटणीत अकरा गुंठे आल्याचे मी जरा ओशाळूनच सांगितले, तर त्यांनी हात थांबवून विचारले, “पण नावावर आहे ना?” त्यांची जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली.

आपल्या वार्ताहराने एकदा मुंडगोडला जाऊन तेथील शेतकऱ्यांशी बोलावे आणि या विषयावर दुसरा लेख लिहावा, ही विनंती. शक्यतो मक्याच्या काढणीच्या दिवसांत जावे. तेव्हा बाया-माणसे शेतात भेटतील.

आपला,
एक निवृत्त तलाठी, कोल्हापूर