उटण्याआधी तेल : मैत्रिणीस पत्र

गंगापूर रोड, नाशिक
१८ जानेवारी

प्रिय सुमेधा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरवडा झाला. उत्तर मुद्दामच लांबवले, कारण तू विचारलेल्या गोष्टीचा मी तेव्हा अर्धाच अनुभव घेतला होता आणि अर्ध्या अनुभवावर तुला सल्ला देणे मनाला पटत नव्हते. थंडी सुरू झाली की चेहरा धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते, नाकाच्या कडेला आणि भुवयांमध्ये पांढरे पापुद्रे सुटतात आणि ते घालवायला काही चोळले की गाल तासभर लाल राहतात, असे तू लिहिले आहेस. अगदी हेच माझे गेली तीन वर्षे चालू आहे. तेव्हा गेल्या दोन महिन्यांत मी काय काय करून पाहिले, त्यातले काय फसले आणि काय जमले, ते सगळे तुला सविस्तर कळवते.

इथल्या हिवाळ्याची तुला आठवण असेलच. निफाडच्या गारठ्याचे आकडे दर वर्षी वर्तमानपत्रात येतात, पण त्वचेला थंडीपेक्षा या दिवसांतली कोरडी हवा अधिक सोसावी लागते. त्यात आमच्या इमारतीत वापरायला बोअरचे पाणी येते. ते जड असल्यामुळे त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन एक चिकट साका तयार होतो आणि तो चेहऱ्यावर राहून जातो. म्हणून नोव्हेंबरातच मी चेहऱ्याला साबण लावणे बंद केले आणि नैसर्गिक वस्तूंकडे वळले. नैसर्गिक म्हणजे सौम्यच असणार, असे मी तेव्हा धरून चालले होते, आणि माझ्या सगळ्या चुका या एका समजुतीतून झाल्या.

पहिल्यांदा अक्रोडाच्या कवचाचा तयार स्क्रब आणला. कवचाचा चुरा कितीही बारीक दिसला तरी त्याच्या कडा धारदारच असतात. दोनदा वापरल्यावर गालांवर बारीक ओरखडे उठले, आणि मी तो बंद केला. मग रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मुलतानी माती, संत्र्याच्या सालीची पूड आणि आंबेहळद आणून गुलाबपाण्यात लेप केला. लेप वाळून तडकेपर्यंत तसाच ठेवला. धुतल्यावर चेहरा अर्धा तास तुकतुकीत दिसला आणि संध्याकाळपर्यंत इतका रुक्ष झाला की हसतानाही ओठांच्या कडा दुखू लागल्या. मुलतानी माती तेल शोषून घेते, आणि ज्या त्वचेत मुळात तेल कमी तिच्यातले उरलेसुरलेही ती ओढून घेणार, हे मला आधीच समजायला हवे होते. दिंडोरीच्या वहिनींनी मळ्यातली आंबटसर द्राक्षे ठेचून लावायला सांगितली होती. द्राक्षांत टार्टारिक आम्ल असते, त्याने मृत त्वचा सुटते, हे खरे. पण त्या रसात आम्ल किती हे मोजता येत नाही, आणि बागेत फवारण्या चालू असतात ते निराळेच. माझ्या गालांची इतकी आग झाली की दोन मिनिटांतच चेहरा धुवावा लागला. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांच्या वाटेला तर तू जाऊच नकोस.

यानंतर मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, आणि तूही सुरुवात तिथूनच करावीस असे मला वाटते. त्यांनी सगळ्यांत आधी डोक्यात कोंडा होतो का, पापुद्रे तेलकट आणि पिवळसर असतात का, हे विचारले. नाकाच्या कडा आणि भुवया ही सेबोऱ्हिक डर्मटायटिस नावाच्या विकाराचीही ठरलेली जागा आहे. तो विकार असेल तर तेल लावून तो वाढू शकतो आणि त्याचे औषध वेगळे असते. माझा कोरडेपणाच निघाला. मग त्यांनी समजावून सांगितले की त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो, त्यातल्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही स्निग्ध द्रव्ये. कोरड्या आणि नाजूक त्वचेत हा चुनाच कमी पडलेला असतो, त्यामुळे आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे काहीही चटकन झोंबते. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा असतो. म्हणून साबणाने ही भिंत आणखी खिळखिळी होते. आपण पापुद्रे दिसले की घासायला घेतो, आणि घासण्यानेच भिंत पुन्हा पडते.

घरी परतताना मला पंचवटीतल्या वाड्यातली नरकचतुर्दशीची पहाट आठवली. बंब पेटलेला असायचा आणि आजी आम्हा मुलांना रांगेत पाटावर बसवून आधी कोमट तेल लावायची. तेल अंगात मुरेपर्यंत ती उटण्याच्या वाटीला हात लावू देत नसे, आणि उटणेही दुधात कालवलेले असे. आपण उटण्याचा सुगंध तेवढा लक्षात ठेवला, त्याची पाकिटे दिवाळीत घेऊ लागलो आणि तेल मात्र विसरलो. आयुर्वेदात नुसत्या चूर्णाने अंग चोळण्याला उद्वर्तन म्हणतात आणि ते कफ व मेद कमी करणारे, म्हणजे रुक्षता आणणारे म्हणून सांगितले आहे. कोरड्या त्वचेवर कोरडे उटणे चोळणे हे त्या शास्त्राच्याही विरुद्धच होते. हे लक्षात आल्यावर मी वस्तू शोधणे थांबवले आणि क्रम बदलला.

आता मी करते ते असे. साधे ओट्स, मसाला किंवा साखर नसलेले, मिक्सरमधून दोनदा फिरवून घेते आणि पातळ मलमलीतून वस्त्रगाळ करते. चाळणीचे काम नव्हे. बोटांच्या चिमटीत पीठ चोळले तर खरखर अजिबात लागता कामा नये. अशा चार चमचे पिठात एक चमचा डाळीचे पीठ, तेही वस्त्रगाळ, आणि अर्धा चमचा ज्येष्ठमधाचे चूर्ण मिसळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरून ठेवते. हळद, कापूर, सुगंधी द्रव्ये मी मुद्दाम वगळली आहेत. ओट्स आपल्याकडचे नव्हेत, पण ते निवडण्याला कारण आहे. त्यांतले बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवते, ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्ये खाज आणि दाह कमी करतात, आणि त्यांतल्या सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ द्रव्यामुळे मळही हलकेच निघतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली ओट्सच्या अशाच अतिबारीक पिठाला त्वचेचे संरक्षण करणारे द्रव्य म्हणून मान्यता दिली आहे.

चेहऱ्यावर आधी कोमट पाणी मारायचे, मग ओल्या चेहऱ्यावर तिळाच्या तेलाचे तीन-चार थेंब हलक्या हाताने पसरायचे. दोन मिनिटे थांबून एक चमचा पीठ दुधात सरसरीत कालवून लावायचे. येथे घासायचे नाही. बोटांची टोके फिरली न फिरली अशी फिरवायची आणि लेप ओला असतानाच, अर्ध्या मिनिटात, धुऊन टाकायचा. आठवड्यातून एकदाच दुधाऐवजी ताजे, आंबट न झालेले दही घेते. त्यातले थोडेसे लॅक्टिक आम्ल मृत पेशींमधली पकड सैल करते, म्हणून खरखरीत कणांची गरज उरत नाही. ज्या दिवशी लेप लावत नाही त्या दिवशी सकाळी मी नुसत्या पाण्यानेच तोंड धुते. धुतल्यावर पंच्याने टिपायचे आणि चेहरा ओलसर असतानाच वास नसलेले मॉइश्चरायझर लावायचे. हा शेवटचा भाग मी आधी गौण समजत होते, पण ज्या दिवशी तो चुकला त्या दिवशी दुपारपर्यंत कातडी पुन्हा ओढू लागली. बाहेर पडताना सनस्क्रीन लावायचे, कारण नुकत्याच मोकळ्या झालेल्या त्वचेला इथले हिवाळ्यातले ऊनही बाधते.

कालवलेले उरले तर फेकून दे. त्यात टिकवणारे काही नसते आणि दुधामुळे ते लवकर नासते. बाटलीत ओला चमचाही जाऊ देऊ नकोस.

फरक पहिल्या दिवशी दिसला तो एवढाच की धुतल्यावर कातडी ओढली गेली नाही. पापुद्रे आणखी दहा-बारा दिवस होते, आणि त्या काळात ते नखाने काढण्याचा मोह फार झाला. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडा मऊ झाल्या. डाव्या गालावरचा लालसरपणा अजून पूर्ण गेलेला नाही, परंतु तो आता चेहरा धुतल्यावर वाढत नाही, आणि मला याचेच अधिक समाधान आहे. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, तेव्हा तूही चार आठवडे तरी दुसरे काही मध्ये घालू नकोस.

रविवारी माझा भाचा तुमच्याकडे पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर पिठाची एक बाटली आणि मलमलीचा तुकडा पाठवते आहे. तुला लहानपणी तिळाच्या लाडवांनी अंगावर गांधी उठत असत, हे मी विसरलेले नाही. म्हणून तू तिळाचे तेल वापरू नकोस. आधी डॉक्टरांना दाखव. त्यांनी कोरडेपणाच आहे असे सांगितले तर चालेल असे तेलही त्यांनाच विचार, आणि मग तेल आणि लेप दोन्ही कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. तिथे खाज किंवा लाली आली तर चेहऱ्याला लावायचे नाही. कोपराचे काय झाले ते मला लगेच कळव, म्हणजे पिठात काय कमी-जास्त करायचे ते ठरवता येईल.

तुझी,
वैजयंती