गॅरेजच्या कोब्यावर एपॉक्सी टिकवायला शिकवणाऱ्या आप्पांचे जाहीर आभार

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

धुळे, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात घरगुती गॅरेज आणि पार्किंगच्या फरशीवर एपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून मारायचा आणि कडक होणारा रंग, मारणारी आम्ही मंडळी. हे पत्र मुद्दाम उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे सांगितलंत ते डब्यावर छापलेलं नसतं, आणि ज्यांना आपल्या घरी हे काम करायचंय किंवा करून घ्यायचंय त्यांच्याही ते उपयोगी पडेल. रंगवाल्यांनी गवंड्याचे आभार मानावेत हे कुणाला उलटं वाटेल. पण गॅरेजमधलं कोटिंग उखडतं ते बहुतेक वेळा रंगाच्या दोषानं नाही, खालच्या कोब्यामुळे. आणि कोबा कसा भरला, कसा घोटला, त्याखाली काय आहे, हे ज्यानं जन्मभर केलं त्यालाच ठाऊक.

पहिले आभार ओलीबद्दल. “पानी खालतून येस का, ते पयले देख, मंग रंग लाव,” हे तुमचं वाक्य आता आमच्या प्रत्येक कामाआधी म्हटलं जातं. तपासणी तशी सोपी. पारदर्शक प्लास्टिकचा 45 सेंटिमीटर चौरस तुकडा घ्यायचा, चारही कडा चिकटपट्टीनं फरशीला घट्ट चिकटवायच्या आणि निदान 16 तास हात लावायचा नाही. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला असला तर ओल आहे. एक तुकडा मधोमध, एक भिंतीलगत आणि एक न्हाणीकडच्या बाजूला लावावा, कारण ओल सगळीकडे सारखी नसते.

एवढं तर कोणीही सांगतो. तुम्ही सांगितलीत ती तपासणीची वेळ. मे महिन्यात आपल्याकडची काळी माती भेगाळून कोरडीठाक असते, तेव्हा कुठलीही फरशी या परीक्षेत पास होते. पोळ्यानंतर, जमीन पाण्यानं भरल्यावर, त्याच फरशीला घाम फुटतो. म्हणून मेमधल्या निकालावर भरवसा ठेवायचा नाही. जमिनीतली ओल कोब्याच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि सोबत विरघळलेले क्षार आणते. उघड्या कोब्यावर ती उडून जाते, मागे पांढरा खार उरतो, झाडला की संपलं. वर एपॉक्सीचा पापुद्रा असला की वाट बंद होते, क्षार आणि पाणी त्याच्याखाली साठतं आणि फोड येतात. असा फोड सुईनं टोचला की आतून चिकट पाणी निघतं. तिथे कितीही महागडा डबा आणला तरी दुरुस्ती टिकत नाही.

नवं बांधकाम असेल तर मुरमाच्या भरणीवर, काँक्रीट ओतायच्या आधी, 250 मायक्रॉनचं (पाव मिलिमीटर जाडीचं) प्लास्टिक अंथरलं की हा प्रश्न मुळातच मिटतो. जोड एकमेकांवर निदान 15 सेंटिमीटर चढवायचे आणि गवंड्यानं त्यात फावडं घुसवायचं नाही. जुन्या घरात हे प्लास्टिक सहसा नसतंच. तिथे ओल निघाली तर कोटिंग करूच नका, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं बळ तुमच्यामुळे आलं. लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर मारा. ते कोब्याच्या आत मुरतं, वर पापुद्रा धरत नाही, धूळ कमी करतं आणि वाफेला वाट ठेवतं. चकाकी मिळत नाही. ज्याला तेही नको त्यानं सरळ शहाबादी बसवावी. गाडी उभी करायला ती कधीही वाईट नव्हती.

दुसरे आभार घोटाईबद्दल. आपल्याकडचा चांगला कोबा म्हणजे वर कोरडं सिमेंट भुरभुरून लोखंडी थापीनं आरशासारखा घोटलेला. पायाला गुळगुळीत, पुसायला सोपा. एपॉक्सीला मात्र तोच शत्रू. वरचा सिमेंटचा थर नुसता गुळगुळीत नाही, अनेकदा कमकुवतही असतो. एपॉक्सी त्याला पकडतं आणि तो थर खालच्या कोब्याला सोडतो. उखडलेली खपली उलटी करून पाहिली की मागे राखाडी सिमेंट चिकटलेलं दिसतं. म्हणजे रंगानं आपलं काम केलेलं असतं. हे तुम्ही खपली हातात धरून दाखवलंत, तेव्हापासून कंपनीला दोष देण्याआधी आम्ही खपलीची मागची बाजू बघतो.

ॲसिडनं धुण्याची पद्धत स्वस्त म्हणून चालते. एक भाग ॲसिड, दहा भाग पाणी. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. पण घोटलेल्या कोब्यावर ते एकसारखं लागत नाही, धुतल्यावर क्षार मागे राहतात, फरशी पुन्हा ओली होते ती वेगळीच, आणि बंद गॅरेजात त्या वाफेनं शटर, खिडकीची जाळी, उभी गाडी सगळ्याला गंज धरतो. त्यापेक्षा डायमंड कप लावलेलं घासाईचं मशीन बरं. फरशी 120 नंबरच्या पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली की थांबायचं. मशीनला व्हॅक्यूम जोडलेला हवा आणि नाकावर एन-95 मास्क हवा, कारण ही सिलिकाची धूळ आहे, फुप्फुसात बसते ती निघत नाही. शेवटची सफाईही व्हॅक्यूमनं करावी. झाडूनं धूळ फक्त जागा बदलते.

घासून झाल्यावर ठिकठिकाणी पाण्याचा थेंब टाकायचा. मिनिटाभरात शोषला तर ठीक. गोळा होऊन बसला तर घोटाई शिल्लक आहे किंवा खाली तेल मुरलंय. तेलाच्या डागावर रॉकेल किंवा डिझेल ओतून पुसायची सवय घराघरात आहे. त्यानं डाग फिका दिसतो, पण तेल पातळ होऊन आणखी खोल उतरतं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ताठ ब्रशनं घासावं, धुवावं, सुकू द्यावं आणि थेंब पुन्हा टाकावा. ट्रॅक्टरखाली वर्षानुवर्षं ऑइल गळलेलं असेल तर सोड्यानं भागत नाही. तेवढा तुकडा फोडून नवा भरावा आणि त्याला 28 दिवस द्यावेत. तसंच हातोडीच्या दांड्यानं सगळी फरशी वाजवून बघावी. पोकळ वाजेल तिथे कोबा खालच्या काँक्रीटपासून सुटलेला आहे, तो काढूनच टाकावा.

भेगांचं तर तुमच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. काळ्या मातीवरची फरशी वर्षभर हलते. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भेग त्याप्रमाणे उघडते-मिटते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं दोन बारीक फुल्या करायच्या, मेमध्ये अंतर मोजायचं, भाद्रपदात पुन्हा मोजायचं. अंतर बदललं तर ती जिवंत भेग. तिच्यात कडक पुट्टी भरली तर पुट्टीच्या शेजारी नवी भेग पडते. तिथे कोटिंग भेगेच्या कडेपर्यंत आणून थांबवायचं आणि फट पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं, म्हणजे लवचीक राहणाऱ्या मालानं भरायची. रेघ दिसते, दिसू द्यावी. न हलणारी भेग मात्र इंग्रजी ‘व्ही’ आकारात साधारण 6 मिलिमीटर खोदून एपॉक्सीत सिलिका वाळू कालवून भरावी आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट करावी.

आता वेळेचं. उन्हाळा म्हटलं की जो तो पहाटे कामाला लागा म्हणतो. तुम्ही प्रायमरसाठी, म्हणजे एपॉक्सीच्या आधी कोब्यात मुरवायच्या अस्तरासाठी, दिवस उतरतानाची वेळ सांगितलीत, आणि आमच्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना अजून ती पटत नाही. कारण मात्र साधं आहे. सकाळी फरशी तापत जाते, छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या प्रायमरमधून बुडबुडे काढत बाहेर येते. सुकल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. उतरत्या दिवसाला फरशी निवत जाते, आतली हवा आकसते आणि प्रायमर आत ओढला जातो. अर्थात निवत्या फरशीलाही मर्यादा आहे. फरशीचं तापमान 35 अंशांच्या वर असेल तर माल बादलीतच धरू लागतो, आणि 10 अंशांच्या खाली एपॉक्सी नीट पिकत नाही. आपल्याकडे दिवाळी ते होळी हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. जानेवारीत मात्र दुपारी चारच्या सुमारास हात घालावा, रात्री नऊला नाही. फरशी दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) निदान 3 अंश गरम हवी, नाहीतर वर धूसर, मेणचट थर येतो.

संध्याकाळच्या कामाला एक खोड आहे, ती पाखरांची. दिवा लावला की ओल्या एपॉक्सीत येऊन पडतात. काम आटोपताच दिवे बंद, शटर खाली, आणि शटरच्या फटीला ओलं पोतं. अंगणात आधी पाणी शिंपडून ठेवलं की धूळही बसते; फक्त ते पाणी आत वाहत येऊ देऊ नये.

मालाचा हिशेब लोक दुकानदारावर सोडतात, म्हणून इथे मांडतो. 10 फूट बाय 18 फुटांचं गॅरेज म्हणजे 180 चौरस फूट, सुमारे 16.7 चौरस मीटर. घासलेल्या कोब्यावर एक लिटर प्रायमर साधारण 8 चौरस मीटर जातो, म्हणजे दोन-सव्वादोन लिटर. एक लिटर माल एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाड बसतो, हे धरून चाललं की बाकी गणित घरीच होतं. 250 मायक्रॉनच्या एका हाताला 4.2 लिटर, दोन हातांना 8.4, नासधूस धरून सव्वानऊ. पाण्यावरचं एपॉक्सी असेल आणि त्यात घन भाग निम्माच असेल तर तेवढ्याच मालात सुकलेला थर अर्धाच मिळतो. स्वस्त डब्याचं गणित तिथेच फसतं. सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप पसरून सपाट होणारा जाड थर, 2 मिलिमीटर करायचं तर 33 लिटरच्या वर माल लागेल. पण गॅरेजला शटरकडे ढाळ असतो. शंभरास एक ढाळ धरला तरी 18 फुटांत दोन इंचांहून जास्त उतार होतो, आणि सेल्फ लेव्हलिंग माल सगळा शटरपाशी जाऊन बसतो. ढाळाच्या फरशीला रोलरच बरा.

कालवताना भाग ए (मूळ राळ) आणि भाग बी (ती कडक करणारा हार्डनर) डब्यावरच्या प्रमाणातच घ्यावेत. हार्डनर जास्त टाकला तर लवकर सुकेल हा समज चुकीचा, तो थर मऊच राहतो. कमी वेगाच्या ड्रिलला पाती लावून तीन मिनिटं फिरवावं, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा मिनिटभर. पहिल्या बादलीच्या तळाशी न कालवलेला माल राहतो. बादली फरशीवर पालथी घालून निथळली की तिथे चिकट पट्टा कायमचा राहतो. कालवलेला माल बादलीत साठवू नये, लगेच फरशीवर लांबट पट्ट्यांत ओतावा. बादलीत तो स्वतःच्या उष्णतेनं तापतो. 25 अंशांना चाळीस मिनिटं चालणारा माल 35 ला साधारण निम्म्यात हाताबाहेर जातो. हातात नायट्राइल मोजे हवेत. अंगाला लागलं तर थिनरनं धुऊ नये, साबणानं धुवावं.

दुसरा हात सहसा 12 ते 24 तासांत. त्याहून उशीर झाला तर आधी हलकं घासावं लागतं. पावसात गाडीबरोबर पाणी आत येणारच, म्हणून पहिल्या हातावर बारीक सिलिका वाळू भुरभुरायची, सुकल्यावर सुटी वाळू काढून मग दुसरा हात. नाहीतर घरातली म्हातारी माणसं घसरतात. शटरपाशी ऊन येतं तिथे एपॉक्सी पिवळं पडतं, त्यावर उन्हात पिवळं न पडणाऱ्या ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा एक पातळ हात लागतो.

चालायला एक दिवस, गाडीला सात. भर उन्हात सुरत-नागपूर महामार्गावरून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. उभी राहिल्यावर ते आकसतात आणि कच्चा थर पकडून खपल्या उचलतात. आणि साधा ऑइल पेंट? सिमेंटमधला अल्कली त्याचा साबण करून टाकतो. त्याबद्दल एवढं पुरे.

आप्पा, तुम्ही मोबदला घेतला नाहीत, निदान आभार तरी घ्या. शटरलगतच्या त्या भेगेच्या फुल्यांमधलं मेचं अंतर टिपून ठेवलंय. पोळ्यानंतर दुसरं माप घ्यायला तुम्हाला न्यायला येऊ. सीलंट कुठवर भरायचं ते जागेवर तुम्हीच सांगा.

आपली,
फ्लोअर कोटिंगचं काम करणारी मंडळी,
जळगाव