सुट्टी घे, पण सांगून घे

मुलुंड पूर्व, शनिवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

एव्हाना तुझी मांडवी एक्सप्रेस पनवेल सोडून पुढे गेली असेल. फोन करत नाहीये. बरोबर सगळी मित्रमंडळी आहेत, त्यांच्यासमोर आईचे प्रश्न नकोत. काल जेवताना "एक रात्र मला नळीशिवाय झोपू दे" म्हणालास आणि ताट तसंच ठेवून उठलास. सकाळी पाया पडलास, पण बोलला नाहीस. चिपळूणला सोहमच्या लग्नघरी पोचून सगळं आटोपलं की निवांत वाच.

आधी हे सांगते की डायलिसिसमधून तुझ्या एका रात्रीच्या सुट्टीला माझी ना नाही. डॉक्टर बोलले तेव्हा मी समोरच बसले होते. तुझी लघवी अजून दिवसाला आठशे मिलीच्या आसपास होते, म्हणजे किडन्या थोडं का होईना काम करतायत, म्हणून आठवड्यातली एक रात्र पोटातल्या नळीला डायलिसिसचं मशीन लावलं नाही तरी चालेल. हे तुझ्यापुरतं, आणि रिपोर्ट असेच राहिले तोवर. 2020 साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हाच विचार आहे म्हणाले, पेशंटच्या आयुष्याला जुळतील असे उपचार बसवायचे. रोज तेच करून माणूस थकतो आणि थकला की मनानेच बंद करतो, त्यापेक्षा ठरवून दिलेली सुट्टी बरी. मला ते मनापासून पटलं. तुझ्या वयाची मुलं शनिवारी रात्री कुठे कुठे असतात आणि तू नऊ वाजता पंखा बंद करून, खिडक्या लावून, मास्क बांधून हात घासत बसतोस. मला दिसत नाही असं समजू नकोस.

आजच्या रात्रीची मला भीती वाटत नाही. मला उद्याच्या रात्रीची वाटते. उद्या सगळे म्हणतील, आता आलोच आहोत तर गुहागरला जाऊन येऊ, सोमवारी निघू. आणि तुला नाही म्हणता येणार नाही. तू लहानपणापासून असाच आहेस, घरात हट्टी आणि मित्रांत मऊ. डायलिसिसच्या पाण्याच्या बॅगा तर बरोबर नेल्या नाहीस. सोहमच्या आईला मी फोन करून दार लागणारी एक स्वच्छ खोली मिळेल का विचारलं, त्याचाच तुला राग आला ना? मला न विचारता का सांगितलंस, म्हणालास. ठीक आहे. पण त्या लगेच हो म्हणाल्या, वर खिडकीच्या गजाला बॅग टांगता येईल हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. दोन लिटरच्या दोन बॅगा सॅकमध्ये मावल्या असत्या. नाही नेल्यास, तर मग दुसऱ्या रात्रीची काही सोयच नाही, एवढं लक्षात ठेव.

आज झोपण्याआधी आणि उद्या उठल्यावर एक कर. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धर, दहा आकडे मोज आणि सोड. कातडी लगेच वर आली तर ठीक. खळगा तसाच राहिला तर पाणी साठतंय. आरशात चेहरा बघून कळत नाही, लग्नाच्या जागरणाने सगळ्यांचेच डोळे सुजलेले असतात. अंगठाच दाबून बघायचा.

यंदाच्या गणपतीत हेच झालं. मावशीकडे मशीनशिवाय हाताने करतो, बॅगा आहेत तिथे, असं सांगून गोरेगावला राहिलास. बॅगा नव्हत्याच. तिसऱ्या रात्री तू घरी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसला होतास. आडवा झालास की दम लागायचा. मोजा काढला तर इलॅस्टिकची खूण पायात इतकी खोल रुतली होती की मला वाटलं काही चावलंय. वजन चार किलो वाढलं होतं. रिक्षात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस आणि "आई, बाबांना सांगू नकोस" म्हणालास. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली आणि तू ते म्हणालास. रक्तात पोटॅशियम वाढलं होतं, ईसीजी काढावा लागला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मशीनमधली नोंद बघितली आणि मग मला कळलं.

तेव्हा मी काही बोलले नाही, आज बोलते. रात्री चुकवल्यास त्याचं मला एवढं नाही वाटलं, मला सांगितलं नाहीस त्याचं वाटलं. सांगितलं असतंस तर त्याच संध्याकाळी मी मशीन घेऊन टॅक्सीने गोरेगावला आले असते. सुट्टी हवी तर माग, डॉक्टरांकडे माग, माझ्याकडे माग. चोरून नको. चोरून घेतली की मीठ, पाणी, गोळ्या कशाचाच हिशोब राहत नाही आणि सूज आली तर ती लपवायलाही लागतोस.

हे मी पुन्हा तिथेच आले. नाही, आता दुसरं.

परवा तू म्हणालास, आलो की एक जोरदार बॅग लावतो, सगळं ओढून काढेल. ती 4.25 टक्क्यांची मनाने लावायची नाही. त्यात साखर जास्त असते म्हणूनच ती जास्त पाणी ओढते, आणि पोटाच्या आतलं जे आवरण गाळणीचं काम करतं ते त्याच साखरेने वर्षानुवर्षं झिजतं. ते आवरण तुला पुष्कळ वर्षं पुरवायचं आहे. ट्रेनिंगला सिस्टरने हे सांगितलं तेव्हा तू फोन बघत होतास, मी वहीत लिहून घेत होते. सुट्टीनंतर नेहमीचीच बॅग, आणि वजन जास्त भरलं तर युनिटला फोन करून विचारायचं.

दुसरं, दुखण्याच्या गोळ्या. रात्री नाचाल, सकाळी पाय दुखतील आणि कुणीतरी खिशातून गोळी काढून देईल. ताप-अंगदुखीला पॅरासिटॅमॉल चालतं, बाकी कुठली घेऊ नकोस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे उरलेल्या किडनीलाच मारतात. तुझी ही सुट्टी त्या उरलेल्या लघवीच्या जिवावर मिळाली आहे, बेटा. ती कमी झाली की डॉक्टर स्वतःच सुट्टी बंद करतील. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून न्यायला तुला लाज वाटते ते कळतं मला, पण तो कॅनच ठरवतो तुला शनिवार मिळणार की नाही. जुलाब-उलट्या झाल्या तरी ती कमी होऊ शकते, तेव्हा उघड्यावरचं पाणी, बर्फ नको.

खायचं म्हणशील तर मासे खा, अंडी खा. डायलिसिसच्या पाण्याबरोबर पोटातून रोज प्रथिनं वाहून जातात, ती भरून काढायलाच हवीत. मीठ सांभाळ. मांडवीत तू वडे खाणार हे मी धरूनच चालले आहे, खा, पण वर चटणी, लोणचं, वेफर्स नकोत. जेवणाबरोबरची फॉस्फरस अडवणारी गोळी पंगतीत घ्यायला लाजू नकोस, जेवण झाल्यावर खोलीत जाऊन घेतलीस तर तिचा उपयोग नाही. आणि शहाळं नाही. कोकणात पाव्हण्याच्या हातात पहिलं शहाळंच देतात, प्रेमाने देतात, तरी नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि आज रात्री ते काढायला मशीन नाही. डॉक्टरांनी मना केलंय म्हण, कुणी आग्रह करत नाही.

नळीचं तोंड कमरेच्या पट्ट्यात नीट बसव. बेटाडिनची टोपी आज उघडायचीच नाही. आणि वाशिष्ठीत उतरायचं नाही. विहिरीतही नाही. सगळे उडी मारतील.

हे लिहिताना मला शिवाजी पार्कचा तलाव आठवला. महात्मा गांधी तलाव. तू दुसरीत होतास, आपण तेव्हा दादरला नानांकडे राहायचो. पहिले काही दिवस तू कठडा सोडायला तयार नव्हतास, ओठ निळे पडेपर्यंत नुसता धरून उभा. मग एका सकाळी मी वर जाळीपाशी डबा घेऊन उभी होते आणि तू सरांकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि सोडून दिलंस. चार हात मारलेस, तोंडात पाणी गेलं, परत कठड्याला आलास आणि ओरडलास, "आई, बघितलंस?" त्यानंतर तुला पाण्यातून बाहेर काढणं हेच माझं काम झालं. रविवारी नाना जिलबी आणायचे आणि तू ओल्या केसांनी सगळ्या खोलीभर पाणी करायचास. पदकं अजून त्या कपाटात आहेत, वहिनीने परवा पुसून ठेवली. पाण्याचं वेड असलेल्या मुलाला मी पाण्यात उतरू नको म्हणून लिहितेय. काय वाटतं ते मी तुला सांगू शकत नाही.

तुझी साखर नॉर्मल, माझी वाढलेली. किडनी माझी बसत होती, रक्तगटही जुळत होता, आणि साखरेने घात केला. तू मला म्हणालास, बरं झालं, मला घ्यायची नव्हतीच. तेव्हा रागावले होते, आता कळतं का म्हणालास ते. झेडटीसीसीच्या, म्हणजे दान आलेल्या अवयवांचं वाटप करणाऱ्या केंद्राच्या, यादीत तुझं नाव आहे. फोन कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तब्येत अशी ठेवायची की आला तर त्या रात्री निघता आलं पाहिजे. अंगात पाणी साठलेलं असताना, दम लागलेला असताना ऑपरेशन अडू शकतं. म्हणून मी घोट्याचं पुन्हा पुन्हा सांगते. तुला वाटत असेल आईला दुसरा विषय नाही. नाहीच आहे.

जरा थांबले, चहा घेतला. वर वाचलं तर सगळं "नको" आणि "नाही" भरलंय. तुझं लग्नाला जाणं मला हवं होतं, निखिल. सोहमचं लग्न तुझ्याशिवाय झालेलं मला सहन झालं नसतं, त्याने दहावीला तुझ्या आजारपणात रोज वह्या आणून दिल्यात. आणि तू जे करतोस ते मी कुणाकुणाला सांगत असते. दिवसभर ऑफिस, रात्री नऊ तास मशीन, मध्यरात्री कुशीवर वळलास, नळी दुमडली की अलार्म, तरी उठून न चिडता सरळ करतोस आणि सकाळी आठ सतराची लोकल पकडतोस. एवढ्या काळात एकदाही इन्फेक्शन नाही. सिस्टर म्हणाली, यांच्यासारखी टोपी लावणारा पेशंट मी बघितला नाही. मी ते मावशीला सांगितलं, शेजारी सांगितलं, बँकेतही सांगितलं.

मशीन घरात आलं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती 12 ऑक्टोबर 2020 ची, मुंबईभर वीज गेली होती त्या दिवसाची. रात्री अशी गेली तर काय, या एकाच विचाराने मी हाताने बॅग करायला शिकले. तू म्हणायचास कशाला, इन्व्हर्टर घेऊ. घेतला, तरी मी शिकले. सांगायचं एवढंच की काहीही अडलं, गाडी चुकली, दरवाजा बंद झाला, रात्रीचा एक वाजला, तरी मला फोन कर. बॅगा घेऊन मी चिपळूणला येईन. खरंच येईन, गाडी करून येईन आणि तुझ्या मित्रांसमोर एक शब्द बोलणार नाही.

दम लागला, पोटात दुखलं, ताप आला तर मात्र माझी वाट बघायची नाही, तिथल्या हॉस्पिटलात जायचं आणि मी पीडी, म्हणजे पोटाच्या डायलिसिसचा, पेशंट आहे हे दारातच सांगायचं. फाइलचे फोटो तुझ्या मोबाईलवर टाकलेत.

उद्याची परतीची मांडवी आहे, ठाण्याला उतरलास की रिक्षा कर, सामान घेऊन लोकलमध्ये चढू नकोस. मशीन मी पुसून ठेवते, बॅगांची खोकी पलंगाजवळ काढून ठेवते, जोडायचं तूच. मंगळवारी डॉक्टरांकडे या वेळी तू एकटा जा. मी बाहेरसुद्धा बसणार नाही. महिन्यातून किती सुट्ट्या हव्यात, कुठल्या रात्री हव्यात, ते तुझं तूच बोलून ये आणि मला फक्त सांग. गुरुवारी बॅगांची गाडी येणार आहे, लिफ्ट अजून बंदच आहे, तेव्हा वॉचमनच्या मुलाला चार मजले खोकी चढवायला सांगून ठेवलंय. तुझ्या खोलीतल्या जुन्या खोक्यांवर कपडे पडलेत तेवढे येऊन हलव.

रात्री जेवायला अंड्याची पोळी करू की मुगाची खिचडी, गाडीतूनच कळव.

तुझी,
आई

ता. क. सोहमचं पाकीट सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, त्याच्या हातात दे, आईकडे नको. आणि सकाळी अंगठा दाबून काय दिसलं ते एका शब्दात लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.