काच पुसू नकोस

सांगली
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. पिंट्या,
अनेक आशीर्वाद.

माझं पुलाचं चित्र फ्रेममध्ये खराब झालं म्हणून काल फोनवर तू तीनदा सॉरी म्हणालास, मी तीनदा "असू दे रे" म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. आई चिडली, असं तुला वाटलं असणार. चिडले नव्हते, कुकर खरंच होता. पण फोनवर मला धड बोलता येत नाही. तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून माझं बोलणं "किती कापू?" एवढ्यावरच येऊन थांबलंय. म्हणून लिहायला बसले.

आधी चूक कुणाची ते बघू. थोडी फ्रेमवाल्याची, थोडी माझी. मी तुला "माउंट लावून घे" एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. तुला वाटलं माउंट शोभेसाठी असतो. अरे, सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड. त्यात डिंक असतो, पण कांडी हातात मोडू नये एवढाच. कागदावर घासलं की पूड कागदाच्या खरखरीत दाण्यांत जाऊन बसते. बसते म्हणजे चिकटत नाही. दारातली रांगोळी जमिनीला कुठे चिकटलेली असते? तसंच. माउंटच्या जाड पुठ्ठ्यामुळे काच आणि चित्र यांत जरा फट राहते. तुझ्याकडे काच थेट चित्राच्या छातीवर बसली, वर बेंगळुरूपर्यंत रात्रभर बसचे हादरे. फ्रेम उघडल्यावर अर्धा पूल काचेला लागून वर आला, याचं मला नवल वाटलं नाही.

"फिक्सेटिव्ह का नाही मारलंस?" असंही विचारलंस. पूड धरून ठेवणारा तो फवारा मारते की, पण खालच्या थरांना. शेवटच्या थराला हात लावत नाही. फवारा पडला की रंग एक पायरी काळवंडतो, दोरीवरच्या ओल्या साडीसारखा. साडी निदान वाळते तरी. हे तसंच राहतं.

आता सोफ्याचं. जूनमध्ये तू मेसेज केला होतास, "आई, हॉलसाठी एक चित्र दे ना, सोफ्याला मॅच होईल असं." मी उत्तर दिलं नाही आणि पूल पाठवला. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. बाळा, मी आयुष्यभर मॅचिंगच केलं. आता जरा बिघडवू दे.

तू लहानपणी दुकानात गठ्ठ्यांवर झोपायचास, तेव्हा वर छतापर्यंत टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचे, तागे लावलेले असायचे. माझी चित्रकलेची शाळा तीच. इंटरमीजिएटला बी ग्रेड मिळाली आणि पुढे कागद सुटला तो सुटलाच, पण रंग काही सुटला नाही. नुसत्या हिरव्यात मेहंदी, पिस्ता, पोपटी, शेवाळी, बॉटल ग्रीन आणि रामा. जांभळ्याच्या अलीकडे आमसुली, पलीकडे वांगी. बायका साडी घेऊन यायच्या, मी न बघता हात वर करायचे आणि तागा काढायचे. दहांत आठदा बरोबर यायचा. उरलेल्या दोनदा बाई तागा घेऊन पायरीवर जायची, उन्हात धरायची आणि म्हणायची, "वहिनी, बाहेर वेगळाच दिसतोय हो." ट्यूबलाइटखाली जुळ्या बहिणी वाटणारी दोन कापडं उन्हात चुलत बहिणीसुद्धा निघत नाहीत. तेव्हा मला वाईट वाटायचं. आता दुपारी तीननंतर चित्राचा बोर्ड उचलून मीही गच्चीच्या दारात जाते.

दुसरी तक्रार असायची ती घरून परत येणाऱ्यांची. इथे काळा होता, घरी गेल्यावर मळकट झाला. तागा तोच, मग काळा बदलला कसा? याचं उत्तर मला पन्नाशीनंतर वाचायला मिळालं. पॅरिसच्या गोब्लॅं कारखान्यात गालिचे विणत, तिथे 1824 साली शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्यावर नेमला गेला. विणकरांचं गाऱ्हाणं होतं की काळा धागा फिका निघतो. त्यानं धागा तपासला, रंग पक्का होता. शेजारी निळा-जांभळा आला की काळा मेल्यासारखा दिसायचा, एवढंच. रंग शेजाऱ्यानुसार दिसतो यावर त्यानं 1839 मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. मी म्हणते, त्याला एक लग्नसराई माझ्या काउंटरवर बसवला असता तर पंधरा वर्षं लागली नसती.

हे सगळं सांगायचं कारण, पाण्यात गाजरी रंग कशाला म्हणून तू विचारलं होतंस. "नदी कुठे गाजरी असते?" नसते. पावसाळा सरल्यावर कृष्णेचं पाणी कसं असतं ते तुला ठाऊक आहे, ना हिरवं ना मातकट, आणि आयर्विन पुलाच्या कमानींखाली संध्याकाळी ते काळंच होतं. पण काळा लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून मी आधी कमानीखालचं सगळं पाणी गाजरी भरलं. मग मोरपंखी कांडी आडवी धरून हलक्या हातानं वरून फिरवली. घासायचं नाही, बोटानं चोळायचं नाही, नुसतं फिरवायचं. मोरपंखी दाण्यांच्या टेकाडांवर बसतो आणि खाचांतून गाजरी डोकावत राहतो. पैठणीत धूपछाव कशी असते? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की तिसराच रंग. तिसरा कुणी रंगवलेला नसतो.

पाण्याच्या रंगात तुम्ही ताटलीत दोन रंग कालवता आणि मग लावता. पेस्टलमध्ये ताटलीच नाही, म्हणून कांड्या ढीगभर लागतात. एकाच निळ्यात थोडा थोडा पांढरा वाढवत केलेल्या सहा-सात पायऱ्या. पॅरिसात या कांड्यांचं एक जुनं दुकान आहे, हजाराच्या वर छटा कप्प्यांत मांडलेल्या. फोटो बघितला आणि माझा जीव गलबलला, अगदी आपलं दुकान, फक्त तागे बोटाएवढे. फ्रेंच चित्रकार एडगर देगा त्यांचं गिऱ्हाईक. त्याच्या नावाचा उच्चार तिकडे "दगा" असा करतात म्हणे. मी देगाच म्हणते. दगा द्यायला तुझी काच पुरेशी आहे.

माझी पद्धत म्हणशील तर काही मोठी नाही. गडद कागद घेते. महागाचा नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर, त्यावर थरावर थर बसतो. बोटांची सालं निघतात, ते चालायचंच. आधी कडक कांड्या, मग मऊ. आधी गडद, मग उजळ. बोर्ड उभा ठेवते, म्हणजे पूड खाली पडते. खाली बाबांनी न वाचलेला पेपर पसरलेला असतो, त्यावरून रोज एकदा भांडण. पूड फुंकायची नाही, नाकात जाते आणि काही रंग विषारी असतात. बोर्ड मागून टिचकीनं ठोकायचा. दर अर्ध्या तासानं सहा पावलं मागे जायचं. सातवं पाऊल टाकलं की फ्रिज लागतो.

पुलाचा दगड मात्र कुठल्याही डब्यातल्या रंगाचा नव्हता. तो तुझ्या ओळखीचा आहे. 2019 चा ऑगस्ट आठव. दुकानात पाणी शिरलं, खालचे तीन फडताळं तागे गेले. तू रजा टाकून आलास आणि खराटा घेऊन दोन दिवस चिखल ओढलास. काउंटरखाली माझा 48 कांड्यांचा डबा होता, दुपारी गिऱ्हाईक नसलं की चितारायला ठेवलेला. तू उघडलास, आत नुसता लगदा. तू तो चिखलाच्या ढिगावर टाकायला निघालास आणि मी ओरडले. इतके तागे गेले तेव्हा नव्हते ओरडले. तो लगदा मी उलथन्यानं खरवडून काढला, गच्चीत वाळवला, खलात कुटला, डिंकाचं पाणी अगदी पातळ घालून मळला आणि शेवया वळतात तशा कांड्या वळल्या. अकरा झाल्या. सगळे रंग एकत्र आले की काळा होतो असं लोक म्हणतात. नाही होत. करडा होतो, आणि या करड्यात कुठून तरी जांभळट झाक आली होती. त्यात पुराचा गाळही असणार थोडा, त्याच पुलाखालून आलेला. तो पूल 1929 पासून नदीत पाय रोवून उभा आहे, त्याच्या अंगाला हा रंग शोभला. अकरातल्या तीन उरल्यात.

म्हणून तू म्हणालास ना, "आई, तेच परत काढ, मी पैसे पाठवतो," त्यावर मी गप्प झाले. पैशांमुळे नाही. कांड्या संपत आल्यात म्हणूनही नाही.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते आठव. उजवा डोळा आधी, डावा महिन्यानं. मधला तो महिना कुणाला सांगून पटायचा नाही. एक डोळा मिटून स्वयंपाकघराची भिंत बघायची, पांढरी, जराशी निळसर. दुसरा मिटायचा, तीच भिंत फिक्या चहासारखी. दिवसभर मी वेड्यासारखी डोळे मिचकावत होते, बाबांना वाटलं डोळ्यात काही गेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडतं, आणि पडतं इतकं हळू की कळत नाही. मग मी गेल्या पाच-सहा वर्षांची चित्रं भिंतीला लावून बघितली. सगळीकडे निळा भडक! बिचारी मी, निळा कमी दिसतोय म्हणून ओतत गेलेली. आणि एवढी वर्षं दुकानात छातीठोकपणे "मॅच आहे, घेऊन जा" सांगायचे, त्यातली शेवटची वर्षं कुणाकुणाला काय देऊन बसले असेन देव जाणे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचा उजवा डोळाही 1923 मध्ये असाच कापला होता, तर आधीची आणि नंतरची चित्रं बघून लोक अजून वाद घालतात. माझ्यावर वाद घालायला एकटे बाबाच आहेत.

पुलाचं चित्र मी त्या महिन्यात काढलं. पाणी जुन्या डोळ्यानं, आभाळ नव्या. ठरवून नाही केलं, कंटाळून केलं. नदीकडे बघताना नवा डोळा उघडला की पाणी पोलादासारखं गार दिसायचं, ते मला सहन होईना, म्हणून तो मिटून घेतला. आभाळाला मात्र नवा डोळा हवा होता. आता तो जुना डोळाच नाही, तर तेच पाणी मी कुठून आणू? पूल आहे, नदी आहे, संध्याकाळ रोज होते. दुसरं चित्र होईल. तुला हवं तर देईन. माउंट मी इथूनच लावून देईन.

पण म्हणून जे आहे ते टाकू नकोस. तू म्हणालास, काच ओल्या फडक्यानं पुसून परत वापरतो. पुसू नकोस, पाया पडते. हा देगा आपलं पेस्टल घ्यायचा, त्यावर ओला कागद ठेवून दाबायचा आणि उलटा ठसा उचलायचा. मेरी कसाट ही चित्रकार बाई, देगाची मैत्रीण, तिच्याही चित्रांचे असे ठसे आहेत. मूळ चित्रातली वरची पूड निघून जायची, ठशावर उमटायची, आणि देगा त्या ठशावर पुन्हा काम करायचा. तुझ्या काचेवर आत्ता तेच बसलंय. फक्त उलटं. म्हणजे सांगलवाडी इकडे आली असेल आणि आपण पलीकडच्या काठावर गेलो असू. मला बघायचंय ते.

आणि कागदही आण. वरचं मोरपंखी काचेनं नेलं असेल, तर कागदावर खालचा गाजरी उघडा पडला असेल. तू विचारत होतास ना कुठे आहे, तो बघ आता सगळा एकदम दिसेल.

आणायचं कसं ते नीट वाच. काच पाठीवर निजव, पूड वर. चारी कोपऱ्यांवर थर्माकोलचे तुकडे चिकटव आणि त्यावर पुठ्ठा ठेव, म्हणजे पुडीला काही लागणार नाही. कागदालाही तसंच. सूनबाईच्या पैठणीचं खोकं मापाला बसेल, तिला विचारून घे, न विचारता नको. बसमध्ये डिकीत टाकायचं नाही, मांडीवर आडवं. झोप लागली तरी आडवं.

चकलीची भाजणी काल दळून आणली. बाबांचा गुडघा बरा आहे, तुमच्यासमोर ते नाही म्हणतील, पण बरा आहे.

तुझी,
आई

ता. क. सोफ्याचा रंग नक्की कोणता? तू पाठवलेल्या फोटोत मला रामा दिसतो, सूनबाई मोरपंखी म्हणते. कव्हराच्या आतल्या शिवणीतून बोटभर तुकडा कापून आण. पायरीवर नेऊन बघू.