मालदीवचा कांदा आणि चोर्ल्याची वाट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. पाच लाख वस्तीच्या मालदीवच्या बेटांना आपण किती दिवस फुकट पोसायचं, असा एकूण सूर. मी बेळगावच्या भाजी मार्केटात तीस वर्षं अडतीचं दुकान चालवतो. परराष्ट्र धोरणातलं मला काय कळणार? पण कांदा, बटाटा आणि उधारी एवढं कळतं, आणि मालदीवचं बरंचसं प्रकरण त्यातच येतं.

पहिली गोष्ट, फुकट कोण देतंय? १९८१ साली दोन्ही देशांत व्यापार करार झाला. त्यानुसार तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, अंडी, बटाटा, कांदा यांचा कोटा ठरतो. इकडे निर्यातबंदी असली तरी तेवढा माल तिकडे जाऊ शकतो. सवलत आहे ती परवानगीची, मालाचे पैसे तिकडचा व्यापारी मोजतो. या यादीत खडी आणि नदीची वाळूही आहे. चहूकडून समुद्र असलेल्यांना वाळू विकत लागते हे वाचून मी चक्रावलो होतो. खारी वाळू सिमेंटला चालत नाही हे मग आमच्या गवंड्यानं समजावलं.

२०२४-२५ साठी ३५,७४९ टन कांदा, २१,५१३ टन बटाटा आणि ४२ कोटी ७५ लाख अंडी मंजूर झाली. ही बातमी एप्रिल २०२४ मध्ये आली तेव्हा मीही चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. आदल्या डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद होती आणि दुकानासमोरची पोती बघून शेतकरी जे बोलत होते ते आपल्याला छापता येणार नाही. पण देशात कांदा पिकतो दोन कोटी टनांच्या वर. त्यात हे ३५ हजार टन म्हणजे हमालानं पोतं उचलताना सांडतो तेवढा. शेतकऱ्याला बुडवलं ते बंदीनं, त्याचा राग गिऱ्हाइकावर कशाला?

आता गोव्याचं सांगतो. रोज रात्री मार्केटातून कोबी, ढबू मिरची, बिनीस, टोमॅटो भरून गाड्या चोर्ला घाटानं गोव्याला जातात. गोवा आमच्या भाजीवर जगतो असं आमच्यातले काही जण छाती काढून म्हणतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, सीमेवर गाड्या अडल्या आणि तिकडे भाजीसाठी हाकाटी सुरू झाली. माझी एक गाडी दोन दिवस घाटाच्या अलीकडे उभी होती. परत आली तेव्हा ताडपत्री सोडताच टोमॅटोचं पाणी फाळक्यातून रस्त्यावर गळलं आणि ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून बाजूला झाला. त्याच दिवशी म्हापशाच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "काय मिळेल ते पाठवा हो, दर तुम्हीच लावा." तो अडला होता हे खरं, पण पाणी माझ्या मालाचं झालं होतं. कोण कोणाला पोसत होतं सांगा!

मालदीवशी नातं नुसतं मालाचंही नाही. ३ नोव्हेंबर १९८८ ला श्रीलंकेतले भाडोत्री तमिळ बंडखोर सत्ता उलथवायला राजधानी माले शहरात घुसले. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेले आपले पॅराट्रूपर दोन हजारांवर किलोमीटर पार करून मालेजवळच्या हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरले. जहाजातून पळालेल्यांना नौदलानं समुद्रात गाठलं. काम झाल्यावर फौज तिथं ठाण मांडून बसली नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या पाणी गोडं करण्याच्या केंद्राला आग लागली, लाखभर लोक पाण्याविना राहिले, तेव्हा आपण विमानानं आणि जहाजानं पाणी पोचवलं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यामुळे ही बातमी मला पॅराट्रूपरपेक्षा जवळची वाटते.

बेळगावकरांना तर ही दोस्ती दारात बघायला मिळाली. दोन्ही लष्करांच्या 'एकुवेरिन' सरावाची सुरुवात २००९ साली इथंच झाली, डिसेंबर २०१७ मध्येही तो इथं होता. त्यांच्या धिवेही भाषेत या शब्दाचा अर्थ मित्र. ज्यांच्या देशात सगळ्यात उंच नैसर्गिक जमीन अडीच मीटरच्या आतबाहेर, त्या पोरांना आमच्या डोंगरात आणि डिसेंबरच्या थंडीत आणलं होतं. कॅम्पातल्या एका ठेकेदाराला तेव्हा मी भाजी देत होतो. तो म्हणायचा, पाहुण्यांना तुझा कोबी नको, मासळी आण. अर्थात नुसत्या सरावानं मैत्री होते असंही नाही. डिसेंबर २००८ मध्ये चिनी सैनिकसुद्धा याच बेळगावात संयुक्त सराव करून गेले होते. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग २०२३ साली 'इंडिया आऊट'ची हाक देणारे मुइझ्झू तिथं राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि भारतीय सैनिक परत न्या म्हणाले. होते किती? शंभराच्या आत. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवायचे, दूरच्या बेटांवरून आजारी माणसं आणायचे. दिल्लीनं वाद वाढवला नाही. मे २०२४ पर्यंत वर्दीवाले परत आणले आणि त्यांच्या जागी बिनवर्दीचे तंत्रज्ञ बसवले. रुग्णांची ने-आण चालू राहिली, मालदीवचाही मान राहिला. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. लहान शेजाऱ्याला आपला मान जरा जास्तच जपावा लागतो. सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

फोनवर मात्र वेगळीच लढाई चालली होती. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी पंतप्रधानांबद्दल वाह्यात लिहिलं. त्यांना निलंबितही केलं गेलं, पण आमच्या ग्रुपवर बहिष्काराचे मेसेज थांबेनात. २०२३ साली दोन लाखांवर भारतीय पर्यटक तिथं गेले होते, पुढच्या वर्षी आकडा चांगलाच घसरला. ग्रुपवरच्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण अशा भांडणाची झळ लागते कोणाला? फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राच्या भांडणात आपल्याकडच्या बसगाड्या बंद पडल्या. तेव्हा चंदगडची माझी बहीण बेळगावच्या दवाखान्यातली तारीख चुकवून घरी बसली. भांडणाऱ्यांपैकी कोणाची तारीख चुकली नसावी.

सरकारनं मात्र हिशेब तुटू दिला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय मालदीवला केली, म्हणजे परकी चलनाची चणचण भागवायला उसनवारीच. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला पंतप्रधान प्रमुख पाहुणे म्हणून गेले, ४,८५० कोटींचं नवं कर्ज देऊ केलं, जुन्या कर्जाचा वर्षाचा हप्ता ४० टक्क्यांनी उतरवला. याला कोणी लाड म्हणेल. माझ्या दुकानात अडलेल्या गिऱ्हाइकाचा हप्ता मीही लांबवतो, कारण समोरचा अडत्या त्याला ओढायला टपलेलाच असतो. इथं समोरच्या दुकानात चीन बसलाय.

माझी तक्रार आहे ती दुसरीच. एप्रिल २०२४ मध्ये या कोट्याचा माल पाठवण्याची ठिकाणं ठरवली गेली. त्या यादीत मुंद्रा, तुतिकोरिन, न्हावा शेवा ही बंदरं आणि दिल्लीचा तुघलकाबाद कंटेनर डेपो होता. आमच्या तालुक्यात बटाटा पिकतो, मार्केटला विजापूर-बागलकोटचा कांदा येतो. घाट उतरलं की मुरगाव बंदर, थोडं खाली गेलं की मंगळूर. यांतलं एकही नाव त्या यादीत नव्हतं. बेळगाव-कारवारच्या खासदारांनी दिल्लीत एवढा एक विषय काढावा. मालेला कांदा कसा पोचवायचा ते आमचं आम्ही बघून घेऊ.

आपला,
एक अडत व्यापारी, उचगाव (ता. बेळगाव)