गोंदाच्या जागा कोऱ्या ठेवणाऱ्या पेंटरकाकांस

प्रिय पेंटरकाका,

सप्रेम नमस्कार.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा निदान हे पत्र तरी घ्या.

आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांचं मॉडेल रॉकेट जुळून तयार झालं. कागदी नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे चार पंख, प्लॅस्टिकचं नाक. बघणारा प्रत्येक जण रंगाचं कौतुक करतो. मला मात्र आभार मानायचेत ते तुम्ही जिथे रंग लागू दिला नाहीत, त्या जागांबद्दल.

सगळं चिकटवून मग रंगवायचं, की सुटे भाग रंगवून मग चिकटवायचं, यावर आमच्या वर्गात दोन पक्ष पडले होते. आधी चिकटवलं तर सांधा पक्का होतो, पण पंख आणि नळीच्या बेचक्यात फवारा नीट पोचत नाही, आणि दोन रंग हवे असतील तर तिथे टेप लावताना जीव मेटाकुटीला येतो. आधी रंगवलं तर काम सुबक होतं. पण पांढरा गोंद पकड घेतो तो कागदाच्या आणि लाकडाच्या धाग्यांत मुरून. मध्ये रंगाची साय आली की तो रंगालाच चिकटतो. रंग सुटला की पंख हातात.

तुम्ही पंख उलटापालटा करून पाहिलात आणि एवढंच विचारलंत, ‘गोंद खंय लायतात?’ (कुठे लावतात?) मग पेन्सिलीने नळीवर चार उभ्या रेघा मारायला लावल्यात, प्रत्येक रेघेवर पंखाच्या जाडीपेक्षा जराशी रुंद मास्किंग टेप आणि पंखांच्या बुडालाही तशीच पट्टी. टेपच्या कडेवर आधी खालच्याच पांढऱ्या रंगाचा हलका हात, म्हणजे फट असेल तर ती पांढऱ्यानेच बुजते आणि वरचा काळा आत झिरपत नाही. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच दुमडून सवकास ओढायची. मुलींनी ती ओढली तेव्हा कडा ब्लेडने कापल्यासारखी निघाली. हे आमच्या कुठल्याच पुस्तकात इतकं नीट नव्हतं.

नाकाचा नळीत जाणारा गळाही तुम्ही कोराच ठेवायला सांगितलात. तुम्हाला रॉकेटचं इंजिन ठाऊक नव्हतं, पण घासून बसणाऱ्या भागावर रंग चढवायचा नाही हे ठाऊक होतं. इंजिन जळून गेल्यावर थोड्या वेळाने त्यातली चिमूटभर बारूद पेटते, तिच्या दाबाने नाक सुटतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. गळा रंगाने जाड झाला तर नाक अडकतं आणि रॉकेट तसंच नाकावर जमिनीत घुसतं.

पावसाचं तर विचारूच नका. फोंड्यात त्या दिवसांत हवा पिळली असती तर पाणी निघालं असतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दुधाळ पडतो, हे तुम्ही जुन्या पत्र्यावर एक हात मारून दाखवलंत. उन्हाची उघडीप मिळेपर्यंत तुम्ही आमचं काम थांबवलंत, पोरं कितीही कुरकुरली तरी. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर समोर असूनही बाल्साला पाणी लावू दिलं नाहीत. लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा हात देऊन कोरडंच घासायला लावलंत. सुटे पंख वाळायला माडाच्या हिरांवर टोचून उभे केलेत, ती युक्ती तर आता शाळेत सगळ्या कामांना वापरली जाते.

एका बाबतीत मात्र मुलांनी तुम्हाला शिकवलं, कबूल करा! तुम्ही गाडीच्या हिशोबाने भरघोस थर देणार होता. रॉकेटला तसं चालत नाही. मागे पंखांवर वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा निदान नळीच्या व्यासाइतका पुढे असावा लागतो, नाहीतर रॉकेट गटांगळ्या खातं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांना तुम्ही आधी हसलात. चाचणीच्या व्ही-२ रॉकेटांवरही असाच काळा-पांढरा रंग असे, रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का ते लांबून कळावं म्हणून, हे ऐकल्यावर ते चौकोन तुम्ही स्वतः पट्टी लावून आखून दिलेत.

पंखांसाठी आमची पसंती लाल होती. सड्यावरच्या जांभ्या दगडात लाल शोधणार कसं, हा तुमचा प्रश्न बिनतोड होता. पायलटांच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांच्या, मडगार्डांचा उरलेला पिवळा तुम्ही काढून दिलात, आणि आता अख्खी शाळा रॉकेटला ‘पायलट’ म्हणते.

पंख चिकटवून झालेत. सांध्यावरची गोंदाची कड वाळल्यावर बारीक ब्रशने तोच पिवळा फिरवलाय. इंजिन, परवानगी आणि मैदान यांचं मोठी माणसं बघताहेत. ठरलं की निरोप धाडू, गॅरेज तेवढा वेळ बंद ठेवा. आणि पुढच्या रॉकेटला मुलांना निळा हवाय. कुठल्या गाडीचा उरला तर डबा घट्ट झाकून ठेवा.

आपली,
विज्ञान मंडळाची बाई